टीएनआयची विकत सेवा: फाइलमध्ये काय मिळतं आणि काय मागून घ्यावं लागतं

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या लहान-मध्यम कारखान्यांत गुणवत्तेच्या ऑडिटची तारीख जवळ आली की एक सेवा हमखास विकत घेतली जाते. तिला सगळे टीएनआय म्हणतात, म्हणजे ट्रेनिंग नीड्स आयडेंटिफिकेशन. कोणाला कसलं प्रशिक्षण हवं ते शोधायचं आणि त्या प्रशिक्षणाची उद्दिष्टं ठरवून द्यायची, हे तिचं काम. सल्लागार चार-सहा दिवस येतो, फॉर्म वाटतो, विभागप्रमुखांबरोबर बसतो आणि शेवटी एक फाइल देतो. तिच्यात बहुधा चार गोष्टी असतात: विभागवार गरजांचा तक्ता, स्किल मॅट्रिक्स (कोणाला कोणतं काम कितपत येतं याचा तक्ता), वर्षाचं ट्रेनिंग कॅलेंडर आणि प्रत्येक विषयापुढे एकेक उद्दिष्ट. हे परीक्षण त्या फाइलचं आहे, कोणा एका सल्लागाराचं नाही. कारण फाइल बऱ्याच ठिकाणी एकाच साच्यातली येते आणि तिच्यातल्या उणिवाही त्याच त्या असतात.

मत आधीच सांगतो. मॅट्रिक्स नीट करून घेतलं तर पैसे वसूल होतात. गरजांचा तक्ता जसा येतो तसा स्वीकारू नये. कॅलेंडर कोणीही करू शकतं. उद्दिष्टं जवळजवळ नेहमीच परत लिहून घ्यावी लागतात. आणि सल्लागार चांगला की नाही हे ओळखायचं असेल तर त्याने किती विषय सुचवले ते मोजू नका, किती गाळले ते बघा. ‘हा प्रशिक्षणाचा विषय नाही, इथे तुमचं मोजायचं गेज कमी पडतंय’ असं जो लेखी देतो, तो कामाचा माणूस.

गरजांचा तक्ता: प्रश्नच उलटा विचारलेला

या तक्त्याची सुरुवात एका फॉर्मने होते. विभागप्रमुखाला विचारलेलं असतं, ‘आपल्या विभागातील कर्मचाऱ्यांना कोणते प्रशिक्षण आवश्यक आहे?’ फॉर्म भरायचा असतो डिस्पॅचच्या गडबडीत. मग उत्तरं ठरलेली: ५एस, केझेन, कम्युनिकेशन स्किल, टीम बिल्डिंग, ॲडव्हान्स एक्सेल. निम्मे विषय गेल्या वर्षीच्या यादीतून उतरवलेले. मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला कोणी विचारलेलं नसतं, आणि तिसऱ्या पाळीचा तर विचारही नसतो.

विभागप्रमुख आळशी आहे म्हणून हे होत नाही. अडचण काय आहे हे न विचारता त्याला थेट उपाय विचारला जातो. ताप किती, दुखतंय कुठे हे न बघता रुग्णालाच औषधाचं नाव विचारावं, तसा हा प्रकार. विचारायचं असेल तर असं विचारा: गेल्या सहा महिन्यांत तुमच्याकडे माल कुठे वाया गेला, मशीन कुठे थांबलं, ग्राहकाकडून काय परत आलं, आणि कोणतं काम फक्त एकाच माणसाला येतं?

चांगली सेवा फॉर्मने सुरू होत नाही, नोंदींनी सुरू होते. पहिल्या दिवशी सल्लागाराने ही कागदपत्रं मागितली पाहिजेत: सहा महिन्यांचं रिजेक्शन आणि रिवर्क (बाद झालेल्या आणि दुरुस्त कराव्या लागलेल्या मालाचं) रजिस्टर, ग्राहकाच्या तक्रारी आणि त्यांना दिलेली उत्तरं, ब्रेकडाऊन स्लिपा, अपघात आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांचं रजिस्टर, पहिल्या जॉबच्या (मशीनवर लावलेल्या भागाच्या) मंजुरीच्या नोंदी, आणि कोण कधी रुजू झालं, कोण कधी सोडून गेलं याची यादी. तक्रारींच्या उत्तरांकडे विशेष लक्ष द्यावं. मूळ कारण ‘ऑपरेटरची चूक’ आणि उपाय ‘रीट्रेनिंग दिले’ असं जिथे जिथे लिहिलंय त्या सगळ्या ओळी वेगळ्या काढा. तीच तक्रार तीन महिन्यांनी पुन्हा आलेली दिसली, तर ती कधीच प्रशिक्षणाची गोष्ट नव्हती, किंवा दिलेलं प्रशिक्षण कागदावरच राहिलं.

मग या नोंदी ऑपरेशनप्रमाणे, पाळीप्रमाणे आणि माणसाप्रमाणे मांडायच्या. या मांडणीतूनच बरंच कळतं. एकाच मशीनवर तिन्ही पाळ्यांत, वेगवेगळ्या माणसांच्या हातून तोच दोष तेवढ्याच प्रमाणात येत असेल, तर माणसं सोडा. मशीन, फिक्स्चर (जॉब पकडणारा साचा), इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) ग्रेड किंवा पद्धत तपासा. दोष एकाच पाळीत किंवा दोघा-तिघांच्याच हातून येत असेल, तर माणसाकडे बघायला कारण आहे. मात्र तिथेही घाई नको. रात्री टूल क्रिब (हत्यारांचं भांडार) बंद असतो, क्वालिटीचा माणूस एकच असतो, मशीन जुळवून देणारा सेटर नसतो. पाळी बदलली की माणसाबरोबर भोवतालही बदलतो.

एक उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. बोअर (जॉबमधलं गोल भोक) ३२ एच७, म्हणजे ३२.००० ते ३२.०२५ मिमी. एकूण सवलत २५ मायक्रॉन. फायनल इन्स्पेक्शनला बोअर लहान म्हणून जॉब बाद होतायत, आणि ऑपरेटर शपथेवर सांगतोय की मी मोजला तेव्हा बरोबर होता. दोघंही खरं बोलत असू शकतात. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन पसरतं. जॉब मशीनमधून निघताना खोलीपेक्षा २० अंश गरम असेल, तर ३२ मिमीच्या बोअरमध्ये सात मायक्रॉनचा फरक पडतो. गरम असताना ३२.००४ दिसलेला बोअर थंड झाल्यावर ३१.९९७ होतो. बोअरिंगचा इन्सर्ट जसा झिजतो तसा बोअर लहान होत जातो. त्यामुळे ऑपरेटरला ऑफसेट (मशीनमध्ये हत्याराच्या जागेची दुरुस्ती) द्यायची वेळ आलेली असते, पण गरम जॉबचं माप बघून तो म्हणतो, अजून चालतंय.

फाइलमध्ये यावर काय लिहिलेलं असतं? ‘सीएनसी विभाग: मापन उपकरणांचे प्रशिक्षण, सर्व ऑपरेटर, ४ तास.’ व्हर्नियर कसा धरावा इथपासून सुरुवात होते, दोन वर्षांचा टर्नर ट्रेड करून आलेली मुलं जांभया देतात, आणि महिनाभराने बोअर पुन्हा लहान. या एका दोषाच्या मागे कमीत कमी तीन गोष्टी असू शकतात. कूलंटचा (जॉब थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) नोझल धातूच्या चिपने तुंबलाय आणि जॉब नको इतका तापतोय: हे मेंटेनन्सचं काम. कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कधी, कसं तपासायचं त्या कागदात) गरम जॉबसाठी वेगळी खालची मर्यादा, समजा ३२.०१०, लिहिलेलीच नाही: हे प्रोसेस इंजिनिअरचं काम. तिसरी गोष्ट, बोअर गेज रिंग गेजवर (ठरलेल्या मापाच्या कडीवर) शून्य करून घ्यायचं, आणि माप मर्यादेच्या जवळ आलं की ऑफसेट किती द्यायचा, मशीनवर तो व्यासात मोजतात की त्रिज्येत, हे दोन नव्या ऑपरेटरना माहीत नाही. प्रशिक्षणाची गरज फक्त ही तिसरी. दोन माणसं, मशीनपाशी, पाऊण तास. सगळ्या विभागाचे चार तास नव्हेत.

ही गाळणी करायची साधी तपासणी आहे. माणसाला तेच काम योग्य गेज, पुरेसा वेळ आणि नीट ड्रॉइंग देऊन, कोणी घाई न करता, समोर उभं राहून करायला सांगा. जमलं, तर त्याला प्रशिक्षणाची गरज नाही. मग रोजच्या कामात का जमत नाही ते शोधा. बहुतेक वेळा तीन मशीनला एकच गेज असतं, किंवा सुपरवायझर फक्त तासाचे नग विचारतो आणि मोजमापाचा वेळ त्या हिशेबात धरलेलाच नसतो. पूर्वी जमत होतं, आता हात बसलेला नाही, असं दिसलं तर वर्ग नको, सराव हवा आणि मशीनवर लावलेला एक सचित्र कागद हवा. वर्षातून दोनदा येणाऱ्या जॉबच्या सेटिंगला हे नेहमी होतं. मुळात माहीतच नाही असं दिसलं, तरच तो विषय प्रशिक्षणाच्या यादीत.

या चाळणीला एक अपवाद आहे आणि तो ठामपणे पाळला पाहिजे. सुरक्षेचे विषय नुकसानीच्या आकड्यांवरून गाळायचे नाहीत. पॉवर प्रेसवर सहा महिन्यांत अपघात झाला नाही, म्हणजे डाय बदलताना सेफ्टी ब्लॉक लावायचं, दोन्ही हातांचं बटण बायपास करायचं नाही, वीज तोडून कुलूप घालायचं हे सगळ्यांना येतं असं होत नाही. तिथे यादी धोक्यावरून करायची आणि तिथे उभा राहणारा प्रत्येक माणूस तिच्यात आला पाहिजे, कंत्राटी असो की शिकाऊ. बोट गेल्यावर नोंद करून उपयोग नाही.

आणखी एक बाजू बऱ्याच फायलींत राहून जाते, ती म्हणजे पुढच्या वर्षाची. विल्यम मॅकगेही आणि पॉल थेअर यांनी १९६१ मध्ये गरजा तीन पातळ्यांवर शोधायला सांगितल्या: संस्था, काम आणि व्यक्ती. आपल्याकडे फॉर्म भरले जातात ते फक्त व्यक्तीचे. नवं व्हीएमसी मशीन कधी येतंय, ग्राहक कोणता नवा भाग देतोय, हीट ट्रीटमेंटचा एकमेव जाणकार कधी निवृत्त होतोय, हे मालकाला विचारल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी सल्लागाराने मालकाकडे तासभर मागितला पाहिजे. मागितला नाही, तर आपणच द्यावा.

मॅट्रिक्स: फाइलमधला खरा ऐवज

स्किल मॅट्रिक्स बहुतेक ठिकाणी आयएलयूओ पद्धतीचं असतं. एका चौकोनाच्या चार बाजू, माणूस शिकेल तशी एकेक बाजू भरायची. एक रेघ, आय, म्हणजे देखरेखीखाली काम करतो. दोन रेघा, एल, म्हणजे काम बरोबर करतो पण वेग नाही. तीन, यू, म्हणजे ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या गुणवत्तेचं काम एकट्याने करतो. चौकोन पूर्ण झाला, ओ, की तो दुसऱ्याला शिकवू शकतो. कंपनीप्रमाणे व्याख्या थोड्या बदलतात. म्हणून मॅट्रिक्सच्या खाली आपली व्याख्या छापलेली हवी, नाहीतर दोन सुपरवायझर एकाच माणसाला दोन वेगळ्या खुणा देतात.

पहिला दोष स्तंभांत असतो. वर लिहिलेलं असतं ‘सीएनसी’, ‘व्हीएमसी’, ‘ड्रिलिंग’, ‘इन्स्पेक्शन’. मशीनचं नाव म्हणजे कौशल्य नव्हे. ‘सीएनसी’च्या एका स्तंभात किमान पाच कामं लपलेली असतात: जॉब लावणं-काढणं आणि चकचा दाब बघणं, पहिला जॉब तपासणं, ऑफसेट देणं, इन्सर्ट बदलणं, आणि पूर्ण सेटिंग बदलणं. पहिलं काम आठवड्यात येतं, शेवटचं यायला वर्ष लागू शकतं. दोन्हींना मिळून एकच खूण दिली की मॅट्रिक्समध्ये सगळीकडे यू दिसतो आणि सेटर रजेवर गेला की लाइन बंद पडते. सल्लागाराला सांगा, स्तंभ ऑपरेशनचे हवेत, आणि सुरुवातीला सगळी नकोत. ग्राहकाने विशेष खूण केलेली मापं ज्या ऑपरेशनवर ठरतात, जिथे रिजेक्शन जास्त आहे आणि जिथे धोका आहे, अशी दहा-पंधरा पुरेत.

दुसरा दोष पुराव्याचा. खूण कोणी दिली, कधी, काय बघून? साध्या फाइलमध्ये याचं उत्तर नसतं. सुपरवायझरने केबिनमध्ये बसून अर्ध्या तासात चाळीस माणसांचे चौकोन भरलेले असतात. मॅट्रिक्समधल्या प्रत्येक यूच्या मागे एक छोटा कागद हवा: तारीख, बघणाऱ्याची सही, आणि ठरवलेली कसोटी. उदाहरणार्थ, लागोपाठ ३० जॉब, सायकल टाइममध्ये, एकही बाद नाही, तीन ठरलेल्या तपासण्या स्वतःहून केल्या. ३० हा आकडा काही वेदवाक्य नाही, जॉब मोठा असेल तर दहा ठेवा. पण आकडा हवा आणि तो आधी लिहिलेला हवा. ऑडिटर मॅट्रिक्स हातात घेऊन लाइनवर जातो आणि यू असलेल्या माणसाला विचारतो, ‘माप मर्यादेबाहेर गेलं तर काय करता?’ तिथे गडबड झाली की एनसी (ऑडिटमधली त्रुटीची नोंद) फक्त त्या माणसापुरता राहत नाही, मॅट्रिक्सवरचाच विश्वास जातो.

तिसरा दोष सर्वांत महाग पडतो. मॅट्रिक्समध्ये कायम कामगार असतात, मशीनवर मात्र कंत्राटी आणि शिकाऊ मुलं उभी असतात. आयएटीएफ १६९४९:२०१६ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या कलम ७.२.२ मध्ये जागेवरच्या प्रशिक्षणात कंत्राटी आणि एजन्सीची माणसंही धरायला स्पष्ट सांगितलंय. ऑडिटचं सोडा, रिजेक्शन कोणाच्या हातून होतंय ते रजिस्टरमध्ये बघा. जो माणूस मशीनला हात लावतो त्याचं नाव मॅट्रिक्समध्ये हवं, त्याचा पगार कोणीही देवो. ही माणसं भराभर बदलतात, म्हणून त्यांच्यासाठी एक वेगळं पान ठेवून ते दर आठवड्याला बदलावं.

आता मॅट्रिक्सचा खरा उपयोग, जो फाइलमध्ये क्वचितच करून दाखवलेला असतो. प्रत्येक ऑपरेशनखाली दोन ओळी वाढवा: किती यू हवेत, किती आहेत. समजा बोअरिंगला तीन पाळ्या आहेत आणि रजा धरून प्रत्येक पाळीला दोघं यू हवेत, म्हणजे सहा. आहेत चार. शिवाय निदान एक चौकोन पूर्ण झालेला हवा, तो नाही. तर गरज काय निघाली? दोन माणसं एलवरून यूवर आणायची, एकाला शिकवायला तयार करायचं. विभागातल्या बाकीच्यांना या विषयासाठी लाइनवरून उठवायचं कारण नाही. इतक्या नेमकेपणाने गरज निघते तेव्हा उत्पादन विभाग माणसं सोडायलाही तयार होतो. एरवी ‘सर्व ऑपरेटर’ म्हटलं की तो शनिवारचा वर्ग दर महिन्याला पुढे ढकलला जातो.

खुणेला मुदतही हवी. तीन महिने त्या ऑपरेशनवर उभा न राहिलेल्या माणसाचा यू पुन्हा बघूनच पक्का करायचा. प्रोसेस बदलली, फिक्स्चर बदललं, ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली, तरीही तेच. आणि मॅट्रिक्स लाइनवर लावा, पेन्सिलने भरा. एचआरच्या कपाटातल्या रंगीत प्रिंटपेक्षा लाइनवरचा खाडाखोड झालेला कागद जास्त खरा असतो.

उद्दिष्टं: परत लिहून घ्या

फाइलमधली उद्दिष्टं अशी असतात: ‘ऑपरेटरमध्ये गुणवत्तेबाबत जागरूकता निर्माण करणे.’ ‘मापन उपकरणांची माहिती देणे.’ पहिल्यात काय घडलं म्हणजे ते साध्य झालं हे कळत नाही. दुसरं तर शिकवणाऱ्याचं उद्दिष्ट आहे, शिकणाऱ्याचं नाही. त्याने माहिती दिली की ते पूर्ण होतं, समोरचा झोपलेला असला तरी.

रॉबर्ट मॅगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले आणि शॉपफ्लोअरवर ते आजही चपखल बसतात. माणूस काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि कितपत चांगलं. वरच्या बोअरचंच उद्दिष्ट असं लिहिता येईल: ‘चालू पाळीत, स्वतःच्या मशीनवर, ऑपरेटर बोअर गेज रिंग गेजवर शून्य करेल, लागोपाठ दहा जॉब मोजेल आणि त्याची मापं इन्स्पेक्टरच्या मापांपासून ३ मायक्रॉनच्या आत असतील. माप ३२.०१० च्या खाली गेलं की तो स्वतःहून ऑफसेट देईल आणि पुढचा जॉब मोजून नोंद करेल.’ लांब आहे, पण हे वाचून कोणताही सुपरवायझर समोर उभा राहून हो किंवा नाही सांगू शकतो. चाचणी वेगळी बनवावी लागत नाही, उद्दिष्ट हीच चाचणी. ३ मायक्रॉनचा आकडा टाकण्याआधी तुमच्या गेजची तेवढी ऐपत आहे ना, हे एमएसएच्या (मोजमाप पद्धतीच्या तपासणीच्या) निकालात बघून घ्या. गेजच वाजवीपेक्षा जास्त हलत असेल तर माणसाला नापास करण्यात अर्थ नाही.

क्रियापदावर नजर ठेवा. मोजेल, बदलेल, ओळखेल, थांबवेल, नोंदवेल, कळवेल ही क्रियापदं डोळ्यांना दिसतात. समजेल, जाणेल, जागरूक होईल ही दिसत नाहीत.

दुसरी गल्लत म्हणजे माणसाचं उद्दिष्ट आणि कारखान्याचं उद्दिष्ट एकाच ओळीत कोंबणं: ‘प्रशिक्षणानंतर रिजेक्शन ५० टक्क्यांनी कमी होईल.’ हे दोन हिशेब वेगळे ठेवा. समजा सहा महिन्यांत २०० जॉब बाद झाले. त्यांत बोअर लहान म्हणून ९०. त्या ९० पैकी ५० नव्या दोघांच्या हातून. प्रशिक्षणाच्या खात्यावर मांडायचे ते हे ५०. उरलेल्या ४० ला नोझल आणि कंट्रोल प्लॅन जबाबदार असेल, आणि बाकीच्या ११० चा या प्रशिक्षणाशी संबंधच नाही. ५० वरून पुढच्या सहा महिन्यांत १५ वर आणू, असं उद्दिष्ट लिहिलं तर ते प्रामाणिक आहे आणि तपासताही येतं. आजचा आकडा लिहिल्याशिवाय उद्याचं उद्दिष्ट लिहू नका. आणि एका महिन्याच्या घटीवर खूश होऊ नका, इतक्या लहान आकड्यांत महिन्या-महिन्याला चढउतार होतच असतो. निदान तीन महिने बघा.

परिणामकारकता तपासायची म्हणून फाइलमध्ये एक फीडबॅक फॉर्म असतो आणि दहा गुणांची चाचणी. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्यांपैकी ही पहिली आणि जेमतेम दुसरी: आवडलं का, आणि शिकला का. तिसरी पायरी, कामावर वागण्यात बदल झाला का, आणि चौथी, निकालात फरक पडला का, या दोन्ही मोकळ्या सोडलेल्या असतात. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता मानकाचं कलम ७.२ परिणामकारकता तपासायला सांगतं, वर्गात लगेच घेतलेली चाचणी त्याला पुरेशी कशी ठरेल? तिसऱ्या पायरीसाठी फार काही लागत नाही. तीस दिवसांनी सुपरवायझरने न सांगता जाऊन तेच उद्दिष्ट मशीनवर पुन्हा बघायचं आणि तारीख घालायची. चौथीसाठी रिजेक्शन रजिस्टर आहेच. लेखी चाचणीबद्दल अजून एक: लाइनवर मराठवाड्यातली, बिहारची, ओडिशाची मुलं एकत्र उभी असतात. इंग्रजीत किंवा जड मराठीत छापलेली प्रश्नपत्रिका त्यांचं वाचन तपासते, काम नाही. हातात गेज द्या आणि बघा.

आयएसओ ९००१ च्या त्याच कलमाखालची टीप बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. क्षमता मिळवण्याचे मार्ग म्हणून तिथे प्रशिक्षणाबरोबर मार्गदर्शन, माणसाला दुसऱ्या कामावर नेमणं, किंवा जाणकार माणूस घेणं हेही दिलेलं आहे. प्रत्येक उणिवेपुढे वर्ग लिहायलाच हवा अशी सक्ती मानकानेही केलेली नाही.

कॅलेंडर, सॉफ्टवेअर आणि बाकीचं

कॅलेंडरवर फार शब्द खर्च करायची गरज नाही. विषय महिन्यांवर सारखे पसरलेले दिसले, दर महिन्याला बरोबर तीन, तर ते कागदासाठी केलेलं आहे. नवं मशीन ऑक्टोबरमध्ये येणार आणि त्याचं प्रशिक्षण एप्रिलमध्ये, असंही दिसतं. सहा महिन्यांत ते विसरलं जातं. महिन्याऐवजी निमित्त लिहा: मशीन बसल्यापासून पहिल्या आठवड्यात, नवा माणूस मशीनला हात लावण्याआधी, ड्रॉइंग बदलल्याच्या दिवशी.

कॅलेंडरमध्ये एक विषय मात्र हवाच आणि तो बहुधा नसतो: शिकवणाऱ्यांना शिकवणं. लाइनवरचं बरंचसं प्रशिक्षण सिनियर ऑपरेटरच देतो, ‘बघ आणि कर’ म्हणून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सुपरवायझरसाठी तयार झालेला टीडब्ल्यूआयचा (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) जॉब इन्स्ट्रक्शन हा कार्यक्रम याच कामासाठी होता: दोन-दोन तासांची पाच सत्रं, एका वेळी दहा जण. त्याच्या चार पायऱ्या आहेत. शिकणाऱ्याला तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. दाखवताना कामाचे मुख्य टप्पे, त्यांतले कळीचे मुद्दे आणि प्रत्येक मुद्द्यामागचं कारण सांगायचं. कारण सांगितलं की ऑपरेटर गरम जॉब मोजत नाही. नुसतं ‘थांबून मोज’ सांगितलं की साहेब गेल्यावर गरमच मोजतो. मॅट्रिक्समध्ये चौकोन पूर्ण करण्यासाठी या चार पायऱ्या येणं ही अट घाला.

सॉफ्टवेअरवाले हीच सेवा मॉड्यूल म्हणून विकतात. खुणांची मुदत संपली की आठवण करणं, कोणाचं काय बाकी ते एका क्लिकवर दाखवणं, यात ते उत्तम आहे, आणि तीन-चारशे माणसं, दोन-तीन प्लँट असतील तर घ्यावंच. पण गरज शोधण्यासाठी तिथेही तोच फॉर्म असतो, फक्त स्क्रीनवर. दीडशेच्या आत माणसं असतील तर एक्सेल आणि भिंतीवरचा तक्ता पुरतो. आयएसओ १००१५:२०१९ (क्षमता आणि माणसं घडवण्याबद्दलचं मानक) विकत घ्यावं का, असंही विचारतात. ते मार्गदर्शन आहे, बंधनकारक नाही. मोठ्या गटाच्या एचआरला धोरण लिहायला उपयोगी, लहान कारखान्याला त्याच पैशांत एक रिंग गेज जास्त उपयोगी.

ऑर्डर देताना

सेवा घ्यायची ठरलीच, तर वर्क ऑर्डरमध्ये कामाचे दिवस असे मांडून घ्या: एक दिवस नोंदींसाठी, दोन दिवस लाइनवर (त्यातली एक रात्रपाळी), एक दिवस मॅट्रिक्सची कसोटी ठरवायला, एक दिवस सुपरवायझरबरोबर प्रत्यक्ष खुणा द्यायला, एक दिवस उद्दिष्टं लिहायला. सल्लागार रात्रपाळीला यायला नाही म्हणाला, तर दुसरा बघा. फाइलमध्ये ‘प्रशिक्षणाने न सुटणाऱ्या अडचणी’ अशी वेगळी यादी हवी, प्रत्येकीपुढे ती कोणत्या विभागाची ते लिहिलेलं. आणि पैशांचा शेवटचा हप्ता नव्वद दिवसांनी ठेवा, त्याने परत येऊन, स्वतः लिहिलेली उद्दिष्टं हातात घेऊन, निदान दहा माणसांना मशीनवर तपासल्यावर. यावर खळखळ होईल. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे तो मान्य करतो.

चाळीसच्या आत माणसं असतील तर ही सेवा घेऊच नका. क्वालिटीचा इंजिनिअर, सर्वांत जुना सेटर आणि प्रत्येक पाळीचा एक ऑपरेटर दोन शनिवार एकत्र बसले की दहा ऑपरेशनचं मॅट्रिक्स आणि आठ-दहा चांगली उद्दिष्टं तयार होतात. आणि कारखाना कितीही मोठा असो, रिजेक्शन रजिस्टरमध्ये ऑपरेशन, पाळी आणि ऑपरेटरचं नाव हे तीन रकाने नसतील, तर सल्लागाराला आत्ता बोलावू नका. ते रकाने उद्यापासून घाला, तीन महिने भरू द्या, मग फोन करा.